‘प्रोड्यूसर’ या एका शब्दाखाली सही केली आणि अल्बम गेला

आमच्या डेथ मेटल (अतिवेगवान ड्रम, जड गिटार आणि गुरगुरत्या गायनाचे रॉक संगीत) बँडचा पहिला अल्बम आमच्या हातून कसा गेला ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात हे संगीत करू पाहणारी मुले आहेत आणि त्यांतल्या दोघांना, ज्याने आम्हाला फसवले त्याच माणसाचे फोन आल्याचे मला नुकतेच कळले.

आम्ही चौघे आहोत. ड्रमरच्या वडिलांचे उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे. सुट्टीच्या दिवशी मशिने बंद असत, तेव्हा भिंतींना गाद्या आणि गोणपाट लावून आम्ही तिथेच ड्रम रेकॉर्ड केले. मिनिटाला २२० ठोक्यांच्या गतीने डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवण्याची जोडी) वाजवताना एक पाय किंचित मागे पडला तरी अख्खा टेक वाया जातो, आणि चांगला तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवायचा नाही असे आम्ही आधीच ठरवले होते. त्यामुळे आठ गाण्यांच्या ड्रमलाच सात महिने लागले. पुढे जे गेले, त्यात पैशापेक्षा हे काम मोठे होते.

युरोपातल्या एका लेबलचे, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीचे, भारतातले काम आपण पाहतो, असे सांगणारा एक गृहस्थ आम्हाला राजारामपुरीत भेटला. त्याला संगीत कळत होते, हे मी आजही नाकारणार नाही. कच्चे मिक्स (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवलेले रेकॉर्डिंग) एकदाच ऐकून तो म्हणाला, “भावांनो, स्नेअर गिटारखाली दबलाय. तेवढा मोकळा केला की काम झालं.” स्नेअर म्हणजे तडतडीत आवाजाचा छोटा ड्रम. आम्ही दोन महिने ज्या दोषाशी झगडत होतो तो त्याने दोन मिनिटांत ओळखला, आणि तिथेच आमचा संशय संपला. जाणकार माणूस लबाडी करणार नाही, ही समजूत आम्हाला सर्वांत महागात पडली.

मिक्सिंग व मास्टरिंगचे (मिक्सवरचा शेवटचा हात) ८५ हजार, ३०० विनाइल तबकड्यांचे १ लाख १० हजार आणि प्रसिद्धीचे ३० हजार, असे २ लाख २५ हजार रुपये आम्ही दिले. बेस वाजवणाऱ्याच्या घरचे ऊसबिल त्यात गेले आणि मी माझी भिशी आधी उचलली. सारे पैसे कंपनीच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या बचत खात्यावर गेले. कंपनीच्या खात्याचे काम चालू आहे, एवढ्या उत्तरावर आम्ही समाधान मानले.

करारनामा इंग्रजीत, चार पानी होता. त्यात आमचा उल्लेख ‘कलाकार’ आणि त्याचा ‘प्रोड्यूसर’ असा होता. आम्हा वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात प्रोड्यूसर म्हणजे आवाज घडवणारा, मिक्सजवळ बसणारा माणूस. त्यामुळे तो शब्द आम्हाला खटकला नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात मात्र ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते तयार करण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा, आणि सर्वसाधारणपणे तोच त्या ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक ठरतो. पुढाकार, जबाबदारी आणि खर्च हे तिन्ही आमचे असताना, ते त्याचे आहेत असे आम्हीच सही करून लिहून दिले. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. आमच्या कागदावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द मुद्दाम घातलेले होते. वकिलाला तो कागद दाखवायला एक संध्याकाळ पुरली असती. आम्ही तो नुसता चाळला.

एक खूण तर डोळ्यांसमोर होती. आमचा अल्बम ५८ मिनिटांचा आहे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटे चांगली बसतात. त्याहून जास्त भरायची तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, आवाजाची पातळी आणि खालचे सूर कमी करावे लागतात, आणि आमच्या संगीताचा जीव तर त्या खालच्या सुरांतच आहे. तबकडी खरोखर काढणारा माणूस पहिल्यांदा प्रत्येक बाजूची लांबी विचारतो. याने ती कधीच विचारली नाही. पुढे त्याने ‘नमुना तबकडी’चा फोटो पाठवला. शेवटच्या गाण्यानंतर तबकडीच्या मधल्या कागदी लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेला क्रमांक मी फोटो मोठा करून वाचला आणि शोधला, तर तो दुसऱ्याच बँडच्या जुन्या तबकडीचा निघाला. त्या रात्री मी तो आकडा कितीतरी वेळा पुन्हा पुन्हा वाचला.

तोवर अल्बम ऑनलाइन आला होता, पण गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाकडचे खाते त्याच्या नावावर, आणि प्रत्येक गाण्याला मिळणारा बारा अक्षर-अंकी आयएसआरसी हा ओळख क्रमांकही त्याच्याच नोंदणीतला. प्रसिद्धीच्या पैशांतून त्याने बनावट स्ट्रीम (गाणे ऑनलाइन ऐकले गेल्याचे खोटे आकडे) विकत घेतले असावेत, कारण तिसऱ्या आठवड्यात आकडे एकाएकी चढले आणि चौथ्यात अल्बम सगळीकडून काढला गेला. आम्ही स्वतः खाते उघडून तो पुन्हा चढवायला गेलो, तेव्हा हे ध्वनिमुद्रण आधीच दुसऱ्याच्या नावे नोंदलेले आहे, मालकीचा पुरावा द्या, असे उत्तर आले; आणि पुरावा म्हणून दाखवण्यासारखा आमच्याकडे तोच चार पानी कागद होता.

आम्ही सायबर पोलिसांत गेलो तेव्हा शेवटचा हप्ता भरून चार महिने उलटले होते. १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. आमच्या रकमेची ती वेळ केव्हाच टळून गेली होती. तक्रार नोंदली आहे, तपास चालू आहे.

मूळ सेशनची (प्रत्येक वाद्याच्या वेगवेगळ्या रेकॉर्डिंगची) हार्ड डिस्क आम्ही मिक्सिंगसाठी त्याच्या हाती दिली होती, तीही मध्यवर्ती बसस्थानकावर, दुसरी प्रत न काढता. ड्रमचे ट्रॅक तेवढे वर्कशॉपमधल्या जुन्या संगणकात राहिले होते. वकिलांच्या सल्ल्याने आम्ही करार रद्द करण्याची नोटीस पाठवली आहे आणि त्याच ड्रमवर गिटार नव्याने वाजवायला घेतली आहे. आठांपैकी तीन गाणी झाली आहेत. या वेळी प्रत्येक सेशनच्या तीन प्रती निघतात, त्यांतली एक ड्रमरच्या वडिलांनी लेथच्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.