माल एकदाच आला, पैसे दोनदा गेले आणि बँकेतली नोंद अजून उघडीच

परदेशी सप्लायरला आगाऊ पैसे पाठवणाऱ्या छोट्या कारखानदारांसाठी हे लिहितोय. मेल हॅक होऊन पैसे भलत्याच खात्यात गेल्याचे किस्से सगळ्यांनी ऐकलेले असतात. त्यानंतर फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, जो ससेमिरा मागे लागतो, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. चोर पैसे घेऊन पसार होतो आणि दप्तरात तुम्ही ‘परकीय चलन पाठवलं पण माल आणला नाही’ असे आयातदार म्हणून अडकून बसता.

आमचं भोसरीत वर्कशॉप आहे, एसपीएम, म्हणजे एकाच ठरावीक कामासाठीची खास मशीन, बनवतो. त्याला लागणारे लिनिअर गाइड-वे आणि बॉलस्क्रू तैवानमधल्या ताइचुंगच्या एका सप्लायरकडून वर्षानुवर्षं येतात. पद्धत ठरलेली आहे. त्यांची पीआय, म्हणजे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस येते, आम्ही तीस टक्के टीटीने, म्हणजे बँकेतून थेट ट्रान्सफरने, पाठवतो, माल तयार झाल्याचे फोटो आले की उरलेले सत्तर टक्के, मग माल बोटीने न्हावाशेव्याला. 2024 च्या दिवाळीनंतरची ऑर्डर 26,000 डॉलर्सची होती. पहिले 7,800 नेहमीच्या खात्यात सुखरूप पोचले. राहिले 18,200, त्या वेळच्या भावाने पंधरा लाखांच्या वर.

फोटो आले, आणि त्याच मेलच्या खाली दुसऱ्या दिवशी आणखी एक मेल आला. आमचे खाते वार्षिक ऑडिटसाठी तात्पुरते थांबवले आहे, बाकी रक्कम आमच्या युरोपातल्या सहयोगी कंपनीच्या खात्यात भरावी, सोबत सुधारित पीआय. मेलमध्ये आधीचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा होता. पीआयचा नंबर तोच, शिक्का तोच, मालाचे सगळे कोड बरोबर. बदलला होता फक्त तळाचा बँकेचा चौकोन. पत्त्यातला फरक नंतर सायबरवाल्यांनी दाखवला तेव्हा दिसला: सप्लायरच्या डोमेनमधल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी. मोबाइलच्या स्क्रीनवर हे ओळखून दाखवा, मी मिसळ खाऊ घालतो.

आता बँकेची बाजू, कारण खरा धडा तिथे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आयातीचं आगाऊ पेमेंट थेट उत्पादकाच्या किंवा सप्लायरच्या खात्यात जायला हवं. तिसऱ्याच्या नावे पाठवायचं तर ते पक्क्या ऑर्डरमध्ये, करारात किंवा इन्व्हॉइसवर तसं स्पष्ट नमूद हवं आणि बँकेची खात्री पटायला हवी. आमच्या शाखेतल्या फॉरेक्स डेस्कच्या मॅडमनी हे बरोबर पकडलं. लाभार्थीचं नाव वेगळं आहे, थर्ड पार्टीचा उल्लेख पीआयवर आणा, शिवाय सप्लायरचं लेटरहेडवर पत्र आणा. इथपर्यंत नियम उत्तम चालला होता.

ती मागणी आमच्या अकाउंट्सने जशीच्या तशी मेलने पुढे पाठवली. अर्थातच भामट्याकडे. तासाभरात उल्लेखासकट नवी पीआय आली, लेटरहेडवरचं पत्र आलं, त्यावर डायरेक्टरची सही. खऱ्या सप्लायरकडून एक सही आणायची म्हणजे दोन-तीन दिवस आठवण करून द्यावी लागते! बँकेने कागद पाहिले, नियमात बसले, पैसे सुटले. बँक कागद तपासते, कागदामागचा माणूस तपासत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा धरून उपयोगही नाही.

त्या पीआयवर एक गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखी होती, ती सगळ्यांनी पाठच करून ठेवा. कुठल्याही बँकेच्या स्विफ्ट कोडमधलं (परदेशी व्यवहारातला बँकेचा ओळख कोड) पाचवं आणि सहावं अक्षर म्हणजे देश. तैवानच्या बँकेचा कोड असेल तर तिथे ‘टी-डब्ल्यू’ येतं. आमच्या नव्या चौकोनात होतं ‘पी-एल’, म्हणजे पोलंड. आणि त्याखाली एक लांबलचक आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते नंबर. तैवानमध्ये आयबॅन वापरतच नाहीत. तैवानच्या सप्लायरच्या कागदावर आयबॅन दिसला की तिथेच पेन खाली ठेवायचं.

काही दिवसांनी खऱ्या सप्लायरकडून लाइन या चॅट ॲपवर विचारणा झाली, बाकी पेमेंट कधी? आमच्या भागीदाराने स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद, पाठवली. पलीकडून आधी प्रश्नचिन्ह आलं, मग थेट फोन. त्यांचं खातं कधी बंद झालंच नव्हतं.

पुढची धावपळ थोडक्यात सांगतो. बँकेने रिकॉलचा, म्हणजे पैसे परत मागण्याचा, संदेश पाठवला. रिकॉलचा गैरसमज असा की पैसे परत ओढून घेता येतात. तसं नाही, ती नुसती विनंती असते. पैसे खात्यातून पुढे गेले असतील किंवा खातेदार ‘हो’ म्हणत नसेल तर समोरची बँक हात वर करते. आमच्याबाबतीत उत्तर आलं की शिल्लक नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार केली. ती हेल्पलाइन देशातल्या खात्यांमध्ये रक्कम रोखायला चांगली आहे, पण पोलंडमधलं खातं इथून कोण गोठवणार? एफआयआर झाला. आणि पैसे आमच्याच अर्जावर, आमच्याच सहीने गेलेले, त्यामुळे बँकेकडे भरपाई मागायला जागा उरली नाही.

माल अडून राहिला होता आणि आमचं चाकणचं गिऱ्हाईक मशीनसाठी रोज फोन करत होतं. सप्लायरचं म्हणणं सरळ: आम्हाला पैसे मिळालेले नाहीत. शेवटी आणखी 18,200 डॉलर्स पाठवले, या वेळी जुन्याच खात्यात, आणि माल आला. दुखत होतं, पण मनाशी म्हटलं, विषय संपला.

विषय तिथून सुरू झाला. कसा, ते नीट सांगतो, कारण चांगले चांगले कारखानदार आयात करतात पण आयडीपीएमएस, म्हणजे आयातीच्या पैशांवर नजर ठेवणारी यंत्रणा, म्हटलं की बँकेचं काहीतरी कॉम्प्युटरचं काम समजून सोडून देतात.

ऑक्टोबर 2016 पासून रिझर्व्ह बँकेची ही यंत्रणा चालू आहे. आयातीसाठी पैसे बाहेर गेले की बँक तिथे एक नोंद उघडते, तिला ओआरएम म्हणतात. माल बंदरावर आला आणि कस्टम्सकडे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, भरलं की त्याची माहिती दुसऱ्या बाजूने त्याच यंत्रणेत येते. मग बँक या दोघांची जोडी लावते आणि ओआरएम बंद होतो. आगाऊ पैसे पाठवले तर सहा महिन्यांत माल देशात यायला हवा, कॅपिटल गुड्स असतील तर तीन वर्षांत, आणि मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत पुरावा देण्याची हमी आपण लिहून दिलेली असते. माल येणार नसेल तर पैसे परत आणायचे. दोन्ही नाही झालं, तर ओआरएम उघडा राहतो.

आमचे ओआरएम तीन: 7,800, 18,200 आणि पुन्हा 18,200. बिल ऑफ एन्ट्री एकच, 26,000 चं. पहिला आणि तिसरा बंद झाला. मधला लटकला. त्याला जोडायला माल नाही, परत आलेले पैसेही नाहीत. बँकेची पत्रं सुरू झाली, कृपया आयातीचा पुरावा सादर करावा. पुरावा म्हणून एफआयआरची प्रत दिली तर काउंटरवरचा नवा मुलगा म्हणाला, सर, यात बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर कुठे आहे?

बँका इतक्या ताणून धरतात त्यालाही कारण आहे. 2015 मध्ये दिल्लीच्या अशोक विहार भागातल्या एका सरकारी बँकेच्या शाखेतून सुमारे सहा हजार कोटी रुपये बाहेर गेल्याचं प्रकरण उघड झालं. मुख्यतः हाँगकाँगला, आयातीचं आगाऊ पेमेंट म्हणून, आणि रकमा मुद्दाम एक लाख डॉलर्सच्या आत तोडलेल्या. माल आलाच नाही, येणारही नव्हता. म्हणजे कागदावर पाहिलं तर त्या टोळीच्या नोंदी आणि आमची नोंद दिसायला सारख्याच. बँकेच्या संगणकाला कसं कळावं की हा चोर आहे आणि हा लुटला गेलेला?

फेमा हा दिवाणी स्वरूपाचा कायदा आहे, त्याआधीच्या फेरा कायद्यासारखं लगेच तुरुंगाचं भय नाही. तरी कलम 13 खाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पंधरा लाखांना चोराने लुटायचं आणि पंचेचाळीस लाखांची टांगती तलवार वर. प्रत्यक्षात इतका दंड होईल असं आमच्या सीएंना वाटत नाही, पण उघड्या नोंदीमुळे पुढच्या प्रत्येक आगाऊ पेमेंटला बँक खोडा घालते, हे मात्र रोजचं आहे. सप्लायर म्हणतो आगाऊ द्या, बँक म्हणते आधी जुनं मिटवा.

अशा अडकलेल्या माणसाचा वास कुणाला कसा लागतो देव जाणे. दोन फोन आले.

पहिला ‘फेमा कन्सल्टंट’. मराठीच, बोलणं एकदम गोड. “दादा, ओआरएम बंद करून देतो, टक्केवारीवर. टेन्शन घेऊ नका.” कसं, तर आधी म्हणाला दुसऱ्याचं बिल ऑफ एन्ट्री लावू. बिल ऑफ एन्ट्री आपल्या आयईसी, म्हणजे आयातदार म्हणून मिळालेल्या, नंबरला बांधलेलं असतं, दुसऱ्याचं आपल्याला लागणार कसं, विचारल्यावर त्याने गाडी वळवली. मग म्हणे, पर्पज कोडच, म्हणजे पैसे कशासाठी पाठवले त्याचा कोड, बदलून घेऊ. माल नव्हे, सर्व्हिसचं पेमेंट होतं असं दाखवू, ‘टेक्निकल कन्सल्टन्सी’. सर्व्हिसला बिल ऑफ एन्ट्री लागतच नाही!

ऐकायला हुशारीचं वाटतं. आमच्या सीएंनी एका वाक्यात फुगा फोडला: म्हणजे रिझर्व्ह बँकेला खोटं लिहून द्यायचं, आणि वर परदेशी सर्व्हिसवरचा टीडीएस, 15सीए-15सीबी हे आयकराचे फॉर्म आणि रिव्हर्स चार्जचा, म्हणजे सर्व्हिस घेणाऱ्याने भरायचा, जीएसटी ओढवून घ्यायचा. शिवाय एफआयआरमध्ये आपणच लिहिलंय की हे गाइड-वेचे पैसे होते. आज निव्वळ फसवले गेलेलो आहोत, त्या कागदावर सही केली की फसवणारे होऊ. त्या माणसाला ‘फाइल चार्ज’ म्हणून चाळीस हजार आगाऊ हवे होते. आमच्याच गल्लीतल्या एका प्लास्टिकवाल्यांनी त्याच्यासारख्याच कुणाला दिले, त्यानंतर नंबर बंद.

दुसरा प्रकार मेलवर. तुमची रक्कम युरोपात शोधून काढली आहे, रिझर्व्ह बँकेने ती ताब्यात घेतली आहे, ‘फेमा क्लिअरन्स फी’ भरताच खात्यात जमा होईल. सोबत पत्र, वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह, खाली गव्हर्नरांची सही, आणि उत्तर द्यायचा पत्ता जीमेलचा. रिझर्व्ह बँक कुणा व्यक्तीचे किंवा दुकानाचे पैसे असे स्वतःकडे ठेवत नाही आणि ते सोडवायला फी मागत नाही, हे ती स्वतः वेळोवेळी जाहीर करत असते. पण पंधरा लाख गेलेल्या माणसाला ‘सापडले’ हा एक शब्द फार गोड लागतो. माझ्या भागीदाराने ते पत्र दोन दिवस खिशात ठेवलं होतं.

सरळ मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. एफआयआर, स्विफ्टची प्रत, रिकॉलची विनंती आणि त्याला आलेलं उत्तर, सप्लायरचं पत्र की हे खातं आमचं नव्हे आणि ही रक्कम आम्हाला मिळाली नाही, दोन्ही पीआय शेजारी शेजारी, सीएंचं प्रमाणपत्र. हे सगळं मुदत संपायच्या आत बँकेला लेखी दिलं आणि प्रत्येक प्रतीवर पोच घेतली. बँकेने मुदत वाढवली आणि प्रकरण रिझर्व्ह बँकेकडे पाठवलं. ऑक्टोबर 2025 मध्ये दहा लाखांपर्यंतच्या लहान नोंदी घोषणापत्रावर मिटवण्याची सवलत जाहीर झाली. आमची नोंद पंधरा लाखांची. नशीब बघा.

आता आम्ही काय करतो तेही सांगतो. सप्लायरचा खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड वर्षाच्या करारातच लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात, आणि त्या कराराची प्रत बँकेत देऊन ठेवलीय. खातं बदललं असा मेल आला तर त्याला उत्तर द्यायचंच नाही. जुन्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरला फोन लावायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरला नाही, आणि ओळखीच्या माणसाचा चेहरा व्हिडिओवर बघायचा. बँकेने एखादा कागद मागितला तरी तो मेलवर न मागता फोनवर मागायचा, कारण आमचा घात त्या एका फॉरवर्डने झाला. मोठ्या ऑर्डरला एलसी, म्हणजे बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, उघडतो. खर्च येतो, सप्लायर कुरकुरतो, पण निदान शिपिंगचे कागद दाखवल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. दोन लाख डॉलर्सच्या वरच्या आगाऊ रकमेला बँक तशीही परदेशी बँकेची गॅरंटी मागू शकते. आमच्यासारख्यांच्या रकमा त्याच्या खूप खाली असतात, म्हणून आमची राखण आम्हालाच करावी लागते.

आणि इतकं करूनही पैसे गेलेच, तर त्याच तासाला बँकेला लेखी रिकॉल द्या. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. स्विफ्टच्या कॉपीवर यूईटीआर नावाचा छत्तीस अक्षरांचा लांब नंबर असतो, तो अर्जात लिहा. त्यावरून पैसे कुठल्या बँकेपर्यंत पोचले हे तुमची बँक बघू शकते. मधल्या बँकेत अडकलेले असतील तर परत येण्याची थोडी आशा असते. आमच्या बाबतीत हा नंबर पहिल्यांदा कुणी पाहिला तेव्हा पैसे पोचून आठवडा उलटून गेला होता.