कार ॲम्प्लिफायर: आधी अर्थची जागा ठरवा, मग ॲम्पची

स्पीकरचा आवाज वाढवणारा ॲम्प बसवायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "सीटखाली टाकू की डिकीत?" प्रश्न रास्त आहे, पण क्रम उलटा. काळी वायर, म्हणजे अर्थ, बॉडीला पक्की कुठे बसेल ते आधी बघा. ॲम्पची जागा बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरते. गाडीची पत्र्याची बॉडी हाच बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा परतीचा रस्ता असतो. लाल वायरीतून जेवढा करंट येतो तेवढाच काळीतून परत जातो. तरीही लाल वायरीला जाड केबल, फ्यूज, वर जाळी असा सगळा थाट असतो, आणि काळी मात्र हाताला लागेल त्या स्क्रूला अडकवलेली दिसते.

तुलनेसाठी आपल्या रस्त्यांवरची नेहमीची हॅचबॅक धरू. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी या जातीची गाडी, मागे एक सबवूफर (बाससाठीचा मोठा स्पीकर), चार स्पीकर आणि सगळं मिळून ३०० वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद. (खोक्यावरचे ३००० वॉट सोडून द्या. ॲम्पवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १३.८ व्होल्टला तो ४१४ वॉट ओढणार. ३००० कुठून देईल?) ॲम्पच्या जाती मुख्यतः दोन, क्लास डी आणि क्लास एबी. क्लास डी ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरात तो बॅटरीकडून ३७५ वॉट, म्हणजे साधारण २७ अँपिअर घेतो. त्यातले ७५ वॉट उष्णता होऊन जातात. क्लास एबी ५५ टक्क्यांच्या आसपास चालतो, त्यामुळे त्याच आवाजाला ४० अँपिअरच्या घरात जातो आणि २४५ वॉट नुसता तापतो. गाणं वाजताना सरासरी यापेक्षा बरीच कमी असते, पण जागा निवडताना हा फरक डोक्यात असू द्या.

अर्थ कुठे द्यायचा?

पर्याय तीन: ॲम्पजवळ बॉडीला स्वतंत्र बोल्ट, गाडीत आधीपासून असलेला एखादा बोल्ट, किंवा थेट बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल.

माझं मत पहिल्याला. वायर ४५ सेंटिमीटरच्या आत, लाल वायरीइतकीच जाड, आणि जोड मूळ बॉडीच्या पत्र्यावर. काम करताना फिटरच्या बाजूला उभे राहा, कारण सगळी गंमत इथेच आहे. थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची कडी) बसेल तेवढ्या गोलातला रंग आणि खालचा प्रायमर पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. थिंबल वायरीवर नीट दाबलेलं हवं, नुसतं गुंडाळून टेप मारलेलं नको. ते सरळ उघड्या पत्र्यावर बसवायचं, वर दातेरी वायसर, आरपार बोल्ट आणि मागून नट. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. त्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रूचा एखादाच आटा धरतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तोही सैल पडतो. सगळं कसल्यावर वरून रंगाचा हात किंवा ग्रीस. आधी ग्रीस आणि मग थिंबल असं नको. मुंबई-कोकणातल्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो, आणि गंज वाढला की अर्थ पुन्हा सैल असल्यासारखाच होतो.

एक धोका मात्र आहे. ड्रिल मारण्याआधी खालून गाडी बघितलीच पाहिजे. बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते, आणि फरशीच्या खालून इंधनाची व ब्रेकची पाइप गेलेली असते. "साहेब, रोज करतो" हे उत्तर इथे चालत नाही.

दुसरा पर्याय दुकानदाराच्या आवडीचा, कारण ड्रिल लागत नाही. त्यात दोन प्रकार मानायला हवेत. कंपनीने स्वतः अर्थसाठी दिलेला बोल्ट असेल, म्हणजे टेललाइटच्या किंवा मागच्या वायरिंगच्या काळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो, तर छोट्या ॲम्पला तो चालून जातो. मोठ्याला नको, कारण बाकीच्या दिव्यांचा आणि सेन्सरांचा अर्थही तिथेच असतो. सीटचा बोल्ट म्हणजे मात्र भरवशाच्या म्हशीला टोणगा. दिसायला जाडजूड, पण आट्यांवर रंग किंवा आटे न सुटण्यासाठीचं रसायन असतं आणि डोक्याखाली कोटिंग. शिवाय थिंबल मध्ये घातलं की सीट कंपनीने कसली होती तशी बसत नाही. सीट बेल्टच्या बोल्टला तर हातच लावायचा नाही. तो तुमच्या जिवासाठी आहे, बाससाठी नाही.

तिसरा पर्याय ऐकायला सगळ्यात शुद्ध वाटतो: मध्ये बॉडीच नको, थेट बॅटरी. पण बॅटरी बॉनेटखाली आणि ॲम्प मागे, म्हणजे सुमारे पाच मीटर वायर. शुद्ध तांब्याच्या ८ गेज वायरीत २७ अँपिअरला तेवढ्या अंतरात पाव व्होल्टपेक्षा थोडं जास्त पडतं. त्याहून जाड ४ गेजमध्ये ०.११ व्होल्ट. हे फक्त परतीचं, लाल वायरीचं वेगळं. स्वस्त किटमधली वायर बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम असते, तिचा रोध दीडपटीच्याही वर. तार ब्लेडने खरवडून बघा: आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनिअम, बाहेरून पांढरी पण आतून लाल निघाली तर कल्हई केलेलं तांबं, आणि ते चांगलं.

आणि एवढा खर्च करून कुईं-कुईं जाईलच असंही नाही. स्पीकरमधून येणारा, एक्सलरेटरबरोबर चढत जाणारा तो आवाज डेकचा (डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरचा) अर्थ आणि ॲम्पचा अर्थ यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकातून येतो, आणि तो फरक डेकमधून ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे बॉडीलाच राहणार आणि तुम्ही ॲम्पचा बॅटरीवर नेलात, म्हणजे दोघांत अंतर वाढवलंत. स्टार्ट-स्टॉप असलेल्या अनेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या खांबावर, ॲम्प जोडला तर त्याने ओढलेला करंट मोजलाच जात नाही आणि चार्जिंगचा हिशोब बिघडतो. जोडायचंच असेल तर सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला.

बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं. तिथे बॉडी खालच्या चेसिसवर रबरी बुशांवर बसलेली असते. अर्थ बॉडीला देणार असाल तर बॉडीपासून बॅटरीपर्यंतची पट्टी शाबूत आहे का ते आधी तपासा, आणि जुन्या गाडीत सरळ नवी टाका.

ॲम्प कुठे बसवायचा?

पुढच्या सीटखाली: वायर कमी लागते, डिकी मोकळी राहते, चोराला दिसत नाही. तोटे पावसाळ्यात कळतात. ओल्या चपलांचं पाणी गालिच्यात मुरतं, आणि एसीची पाण्याची नळी तुंबली तर पाणी पहिल्यांदा डावीकडच्या सीटच्या पायाशीच येतं. ॲम्प गालिच्यावर टेकलेला नको, ब्रॅकेटवर दोन बोटं उचललेला हवा. सीट पूर्ण खाली, पूर्ण मागे-पुढे करून बघा. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हात नको. मारुतीच्या काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत तर पुढच्या सीटखाली लिथियम बॅटरीच असते, तिथे विषय संपला. जागा एकूण छोट्या क्लास डीची. क्लास एबी इथे घुसमटतो आणि गरम होऊन बंद पडतो.

डिकीची बाजू, चाकाच्या कमानीमागे: मला सगळ्यात आवडणारी. ॲम्प उभा बसतो, त्याच्या बॉडीवरचे उष्णता सोडणारे पंख उभे राहिले की गरम हवा आपोआप वर निघून जाते, आणि मूळ बॉडीचा पत्रा वीतभर अंतरावर असतो. स्टेपनी काढताना अडथळा येत नाही. फक्त ॲम्प थेट पत्र्यावर ठोकू नका. काही ॲम्पची बॉडी आतून अर्थला जोडलेली असते आणि मग दोन वाटांनी अर्थ जाऊन पुन्हा तीच कुईं-कुईं. मध्ये १२ मिलिमीटरची फळी घ्या, तीही वॉटरप्रूफ प्लायची. एमडीएफ आपल्याकडच्या दमट हवेत फुगतं.

मागच्या सीटची पाठ: सपाट, मोठी, फिटरला सोपी. सीट दुमडायची सवय असेल तर वायरी प्रत्येक वेळी वाकतात. स्क्रूची लांबी मोजून घ्या, नाहीतर मागे बसणाऱ्याच्या पाठीला कळेल. सीटची लोखंडी चौकट बॉडीचाच भाग समजून तिथे अर्थ देणारे भेटतात. ती बिजागरीवर फिरते आणि कडीत अडकते, तिथे संपर्काचा काय भरवसा?

सबच्या पेटीवर: दिसायला छान, वायर थोडकी. पण दिवसभर हादरे, त्यामुळे टर्मिनलचे स्क्रू ढिले पडतात, आणि बंद पेटीत स्क्रू आरपार गेला तर हवा गळते. पेटी काढून ठेवण्याची सोय हवी असेल तर ॲम्पही तिच्याबरोबर फिरतो, म्हणजे अर्थची वायर लांब ठेवणं आलं. मी टाळतो. आणि मागच्या ट्रेखाली उलटा टांगायचा तर प्रश्नच नाही, उष्णता वर चढून थेट सर्किटमध्ये जाते.

सीएनजीवाल्यांनी काय करायचं?

महाराष्ट्रातल्या शहरांत निम्मी चर्चा इथेच येऊन अडते, कारण डिकी टाकीने खाल्लेली असते. टाकीच्या पट्ट्याला किंवा ब्रॅकेटला अर्थ द्यायचा नाही, तिथे नवीन भोकही पाडायचं नाही, आणि व्हॉल्व्हच्या शेजारी फ्यूज किंवा जोड ठेवायचा नाही. दर तीन वर्षांनी टाकी चाचणीसाठी उतरवावी लागते, तेव्हा तिच्या मागे दडवलेला ॲम्प दरवेळी सोडवावा लागेल. अशा गाडीत छोटा क्लास डी, पुढच्या सीटखाली, आणि सबसुद्धा सपाट सीटखालचा. अर्थ दाराच्या उंबऱ्याखालच्या पत्र्याला, किंवा खालून बघून सुरक्षित वाटेल अशा आडव्या पट्टीला. मोठी पेटी हवीच असा हट्ट असेल तर सीएनजी आणि सब यांतलं एक निवडावं लागेल.

पेट्रोल-डिझेल हॅचबॅकला डिकीची बाजू, फळीवर, जवळ स्वतंत्र बोल्ट. सेडानला तेच, फक्त ट्रेखालचा मोह टाळून. भाड्याची किंवा लवकर विकायची गाडी असेल आणि ड्रिल नकोच असेल, तर कंपनीचा अर्थ बोल्ट आणि लहान ॲम्प. लाल वायरीचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, हे सगळ्यांना सारखंच.

पॅनेल बंद होण्याआधी आणि पैसे देण्याआधी मल्टिमीटर मागा. नुसतं ओहमवर ठेवून "झिरो दाखवतोय" म्हणण्यात अर्थ नाही, साधा मीटर एवढा बारीक रोध मोजत नाही. डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि इंजिन चालू ठेवून गाणं जोरात लावा. ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.२ पर्यंत चालेल. त्याच्या वर गेलं तर बोल्ट सोडून पत्रा पुन्हा घासायला सांगा. तरीही उतरलं नाही तर बॉनेटखालची बॅटरी ते बॉडी ही कंपनीची काळी वायर बघा. जुन्या गाडीत दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.