साडेतीन हजारांचा कार्बोरेटर आणि त्याच्या झाकणाचे स्क्रू

कार्बोरेटर चालतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी तो वाळवंटी नदीत नेऊन टाकला. जीप सुरू होते, आयडलिंगला उभी राहते, घाट चढते. तक्रार आहे ती स्क्रूंची. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, म्हणजे फ्लोट चेंबरच्या, झाकणाला ज्या कुणी ते स्क्रू पसंत केले, त्याला मिरगापासून नवरात्रीपर्यंत साखळीला, म्हणजे गोव्यातल्या माझ्या गावी, ठेवून घ्यायची माझी तयारी आहे. जेवणखाण माझ्याकडे.

गाडी म्हणजे जुनी जीप, सीजे-थ्री-बी, उंच नाकाची, २१९९ सीसीचं हरिकेन एफ-हेड इंजिन. डिचोलीकडच्या एका खाणीवर राबलेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर अशा किती जीपा भंगाराच्या भावाने गेल्या, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. माझ्याकडे आल्यावर हूड गेलं, मागच्या सीटा गेल्या, टायर रुंद झाले. अमेरिकेत अशा उघड्यावाघड्या गाडीला हॉट रॉडच्या, म्हणजे हौसेने बदललेल्या जुन्या गाड्यांच्या, पंक्तीत बसवतील. आमच्या घरी तिला खटारा म्हणतात.

आली तेव्हा तिच्यावर कार्टर वायएफ कार्बोरेटर होता. थ्रॉटलचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, दांडा इतका झिजलेला की बोटाने हलवला तर टकटक वाजायचा. त्या फटीतून कार्बोरेटर नको ती हवा ओढायचा. आयडलिंग कितीही लावा, गरम झाली की गाडी नाक्यावर बंद. बेळगावच्या लेथवाल्याने बुश मारून देतो म्हटलं, पण ‘ठेवून जा’ म्हणाला. कार्बोरेटर ठेवून गेलो तर जीप परत आणायची कशी? बाहेरून तयार केलेला कार्टर मागवायचा तर कस्टम धरून तीस हजारांच्या घरात. आणि दिल्लीच्या कश्मीरी गेटला सोलेक्स या दुसऱ्या बनावटीच्या धर्तीवरचा नवा कार्बोरेटर साडेतीन हजारांत. तीस आणि साडेतीन. यापुढे विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

डब्यात कार्बोरेटर, दोन पातळ पॅकिंग आणि एक प्लास्टिकची पिशवी. कागदाचा कपटासुद्धा नाही. आमच्या मेस्त्रीने तो हातात घेतला, उलटा केला, इंजिनावर बसणारी खालची कड, म्हणजे फ्लँज, काचेवर ठेवली आणि बोटाने डुलवून दाखवली. ‘बाब, हें चलचें ना,’ म्हणाला आणि चहाला गेला.

काचेवर पॉलिशपेपर चिकटवून फ्लँज घासली, अर्ध्या तासात सपाट झाली. मग सगळे जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोकांचे स्क्रू, काढून प्रत्येक भोकातून कॉम्प्रेसरची हवा मारली, तर आतून चकाकणारा कीस बाहेर. मशिनिंगचा कीस, कारखान्यात कुणी फुंकरही न घातलेला. तो आयडलिंगच्या स्लो जेटात अडकला असता तर मी पुढचे काही आठवडे इग्निशनचे पॉइंट आणि कंडेन्सर बदलत बसलो असतो. फ्लोटची लेव्हलही वर होती. सोलेक्समध्ये ती पेट्रोल अडवणाऱ्या निडलच्या सीटखालच्या वॉशरच्या जाडीने लावतात. एक जाड वॉशर घातला, ओव्हरफ्लो थांबला. ज्यांना डबा उघडून सरळ गाडीला लावायचा आहे, त्यांनी हा घेऊच नये. हा अर्धवट केलेला माल आहे, उरलेला अर्धा आपण करायचा, म्हणून तर साडेतीन हजार.

कार्टरवरून येणाऱ्यांसाठी एक सूचना. या सोलेक्समध्ये चोकचा पडदा नाही, थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल देणारा वेगळा स्टार्टरमार्ग आहे. तो थ्रॉटलच्या खालच्या व्हॅक्यूमवर चालतो. सेल्फ मारताना सवयीने अ‍ॅक्सिलरेटर दाबलात तर व्हॅक्यूम जातो आणि चोक ओढूनही न ओढल्यासारखा. पाय लांब ठेवा, पहिल्या फटक्यात उचलते.

आणि मग चालली की! केरीच्या पुढे चोर्ला घाटात जिथे निमूट पहिला गिअर टाकावा लागायचा, तिथे दुसऱ्यावर ओढायला लागली. आयडलिंग असं की बॉनेटवर ठेवलेला पाना जागचा हलत नव्हता. मेस्त्री दोनदा वाकून बघून गेला, बोलला काही नाही.

इथवरचा मजकूर शिगम्याच्या सुमारास लिहून ठेवला होता. तेव्हा शेवटी ‘डोळे झाकून घ्या’ असं वाक्य होतं, ते आता खोडलं आहे.

उन्हाळा लागला तशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी बंद केली की दहा मिनिटांनी सुरू व्हायला नकार. यात कार्बोरेटरचा दोष थोडाच आहे. एफ-हेड इंजिनात इन्टेक मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण आत नेणारी वाट, हेडमध्येच ओतलेलं असतं, त्यामुळे कार्बोरेटर थेट तापलेल्या लोखंडावर बसतो. त्यात २०२५ पासून पंपावर जवळपास सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पेट्रोलात मिसळलं की मिश्रणाचा बराचसा भाग त्याहून आधीच वाफ होतो. इंजिन बंद केलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये उतरतं. हायलमचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फळीचा, सहा एमएमचा तुकडा कापून कार्बोरेटरखाली दिला, लांब स्टड टाकले, दोन्ही बाजूंना पॅकिंग. त्रास नव्वद टक्के संपला. कार्टरलाही हेच करावं लागलं असतं.

पण प्लग काढले तर पांढरे फटक. गाडी लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चाललेली, आणि याचं उत्तर मात्र डब्यातच होतं. सोलेक्सच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १३० म्हणजे १.३ एमएम. माझ्या जेटवर १३० कोरलेलं, आणि भोकात १.३ चा ड्रिल जाईना, १.२ चा मात्र अलगद बसला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणजे पेट्रोलची वाट जवळजवळ पंधरा टक्क्यांनी अरुंद. त्यावर इथेनॉलचा हिशेब वेगळा. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला नऊएक टक्के जास्त इंधन हवं. एकाच्या पद्मिनी मोटारीच्या जुन्या सामानात खऱ्या मापाचा १३५ चा सोलेक्स जेट मिळाला, आटे जुळले, प्लग बिस्किटी रंगावर आले. पिकअप आणखी सुधारला. अ‍ॅव्हरेज विचारू नका, त्यासाठी कुणी जीप घेत नाही.

एवढं सगळं मी माफ केलं असतं. वाकडी फ्लँज, कीस, खोटा जेट, सगळं. कारण ते एकदा निस्तरलं की निस्तरलं.

स्क्रूंचं तसं नाही. त्यांचं डोकं फुलीचं, पोलाद असं मऊ की दुसऱ्यांदा उघडतानाच फुली गोल होते. वर नावापुरता पिवळा मुलामा. जूनच्या अखेरीस तो गेला आणि खालून लाल गंज. समुद्र साखळीपासून लांब आहे, पण पावसाळ्यात इथे हवाच ओली, भिंतीवर टांगलेल्या कात्रीलाही गंज चढतो. बरं, हे स्क्रू वर्षातून एकदा उघडायचे असते तर कळ काढली असती. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की फ्लोट चेंबरच्या तळाशी ढगळ पाणी आणि पांढरी पूड दिसते. ती पुसायची तर झाकण उघडायचं, आणि झाकण म्हटलं की स्क्रू. जो भाग सगळ्यात जास्त वेळा उघडायचा, नेमका तिथेच कारखानदाराने काटकसर केली. एका स्क्रूमागे रुपया-दोन रुपये वाचले असतील. काटकसरीचा मी शत्रू नाही, माझं घर तिच्यावरच चालतं, पण तिला काही जागा असते. चपट्या खाचेचे साधे स्क्रू दिले असते तरी चाललं असतं, निदान करवतीच्या पात्याने खाच खोल करता आली असती.

एक स्क्रू डोकं तुटून आतच राहिला. मधोमध पंच मारून, बारीक ड्रिलने, श्वास धरून काढला, कारण बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, ड्रिल घसरला की साडेतीन हजार पाण्यात.

विक्रेत्याला फोन केला. झालेला संवाद असा :

‘स्क्रूला वॉरंटी नसते, भाईसाब.’

‘मग नवे स्क्रू पाठवा, पैसे देतो.’

‘सुटे येत नाहीत. पूर्ण कार्बोरेटर घ्या, दोनशे रुपये कमी करतो.’

फोटो पाठवले. पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आजतागायत नाही.

शेवटी बेतीजवळच्या मालीम जेटीवर गेलो. तिथे ट्रॉलरच्या सामानाचं दुकान आहे, स्टेनलेसचे पाच एमएमचे षटकोनी खाचेचे स्क्रू सुटे मोजून मिळतात. दुकानदाराने विचारलं, होडी कुठली? जीप म्हटल्यावर तो हसला आणि स्प्रिंग वॉशर वरून फुकट दिले. साखळी ते मालीम जाऊन-येऊन जे पेट्रोल जळलं ते धरलं तर हे जगातले सर्वांत महाग स्क्रू असतील, पण ते मी हिशेबात धरलेलं नाही. लावताना आट्यांना ग्रीस जरूर लावा. स्टेनलेस आणि जस्त एकत्र आले आणि त्यात खारट ओल गेली की जस्त झिजतं, मग आटेच हातात येतात.

जेट, हायलम, स्टड, पॅकिंग आणि स्क्रू धरून एकूण खर्च पाच हजारांच्या आत. माझी मजुरी शून्य. घरी यावर दुसरं मत आहे.

साध्या, एका कार्बोरेटरच्या जीपला हा घ्या, हात काळे करायची हौस असेल तर. पण डिचोलीतली एक-दोन पोरं इंजिनाला दोन-दोन बसवायच्या गोष्टी करतायत, त्यांनी थांबावं. तिकडे अमेरिकेत जुन्या फोर्ड फ्लॅटहेड व्ही-एट इंजिनावर स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्बोरेटर तीन-तीन एका रांगेत लावतात, व्हेंच्युरी (हवेचा अरुंद गळा) ०.९७ इंचांची म्हणून ते ९७. ती जमवाजमव चालते ती सगळे एकसारखं पेट्रोल देतात म्हणून. इथे एकाच जेटवर १३० लिहून १२० निघतो, तर दुसऱ्यावर काय निघेल याचा भरवसा काय? दोन खोट्या जेटांची ट्यूनिंग करत बसाल आणि शिव्या इंजिनाला द्याल.

या कार्बोरेटरने केलेलं खरं काम वेगळंच आहे. त्याच्यामुळे कार्टर रिकामा झाला आणि बेळगावला ठेवून परत येता आलं. लेथवाल्याने दांडा बघितला, दिवाळीनंतर या म्हणाला. कुठल्या दिवाळीनंतर, ते काही बोलला नाही.