कृष्णधवल प्रिंटसाठी 'पिगमेंट' म्हणून शाई घेताय? आधी हे वाचा

प्रिंटर मी पारखून घेतला होता. एकाच काळ्या कार्ट्रिजवर चालणारा प्रिंटर करड्या छटा रंगीत शायांच्या मिश्रणातून बनवतो आणि त्यात हिरवट किंवा जांभळट झाक डोकावते. म्हणून एप्सन कंपनीच्या अल्ट्राक्रोम के३ या शाईसंचावर चालणारा घेतला. २००५ साली आलेल्या या संचात काळा, फिकट काळा आणि त्याहून फिकट अशा तीन काळ्या शाया मिळून छटा सांभाळतात. प्रिंटरने मला कधीच दगा दिला नाही.

दगा दिला तो शाई विकणाऱ्याने. मूळ शाई संपल्यावर त्याने सीलबंद बाटल्या दिल्या. 'शंभर टक्के पिगमेंट, मूळ शाईइतकीच टिकाऊ.' दाखवलेला नमुना देखणा होता आणि माझे पहिले प्रिंटही तसेच आले. खरी गोम इथेच आहे! ताज्या प्रिंटवरून शाई डाय जातीची की पिगमेंट हे नुसत्या नजरेने ओळखणं फार कठीण. डायचे रेणू शाईत विरघळलेले असतात, प्रकाश आणि हवेतला ओझोन त्यांना फोडतात. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण, काळ्यात बहुधा कार्बनचे, त्यामुळे ते कितीतरी जास्त तग धरतात.

काही महिन्यांत भिंतीवरच्या प्रिंटमधले करडे भाग तांबूस पडले. विक्रेत्याने आधी कागदाला दोष दिला, मग फ्रेमच्या काचेला. पण त्याच कागदावर मूळ शाईने काढलेला, शेजारीच टांगलेला प्रिंट जसाच्या तसा होता. हे सांगितल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

मग साध्या कागदावर दोन्ही शायांच्या पट्ट्या छापल्या, पूर्ण वाळू दिल्या आणि वर पाण्याचा थेंब टाकला. मूळ शाई जागची हलली नाही. बाटलीतली निळसर होऊन पसरली. ही चाचणी फोटो पेपरवर करू नका, त्याचा लेप डायलाही धरून ठेवतो. सवड असेल तर एक पट्टी अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवा.

शाई प्रिंटरमध्ये भरण्याआधी विक्रेत्याकडून त्याच बाटलीतल्या शाईची साध्या कागदावरची पट्टी मागा, शक्यतो समोर छापून. तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा. आणि बिलावर 'पिगमेंट' हा शब्द लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'काळी शाई' होतं, आणि तक्रार केली तेव्हा त्याने तेवढंच पुढे केलं.