भाऊबंदांचा मेळावा आणि वाय-डीएनए किट: मागवावं की नको?

आडनाव एक म्हणजे मूळ पुरुष एक का, हे तपासायला परदेशातनं डीएनए किट मागवायचं का असं मेळाव्यानंतर मला बरेच जण विचारायला लागलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. टेस्ट चांगली आहे, शास्त्र पक्कं आहे, पण वंशावळ हातात नसताना मागवलंत तर पैसे पंचगंगेत सोडल्यासारखं होईल. आधी घरातली म्हातारी माणसं, मग वंशावळ सांगत फिरणाऱ्या हेळव्याची वही, मग तलाठ्याकडचे जुने फेरफार आणि सगळ्यात शेवटी किट, हा क्रम पाळला तर ५ पैकी ४, नाही पाळला तर २ सुद्धा देणार नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि मला बोलायचंय ते टेस्टबद्दल.

तर आम्ही पाटील. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील नाही असं गाव दाखवा! पाटील, कुलकर्णी, देशमुख, देसाई, चौगुले ही सगळी वतनाची, कामाची नावं, वतन ज्याच्याकडं त्याचं ते आडनाव पडलं, त्यामुळं शेजारच्या दोन गावातले पाटील एकमेकांचे कोणीही नसू शकतात आणि पाटील आणि जाधव मात्र एका बापाचे निघू शकतात. आमच्यात तीन शाखा आहेत, एक पन्हाळा तालुक्यातली म्हणजे आम्ही, एक भुदरगडची आणि एक सीमेपलीकडं चिकोडी तालुक्यातली, जे घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात. तिघंही सांगतात की आमचं मूळ आडनाव जाधव, कुलदैवत जोतिबा, देवक पंचपल्लव आणि फार पूर्वी दोन भाऊ दुष्काळात वेगळे झाले. ऐकायला छान वाटतं पण जोतिबा कुलदैवत असलेली घरं अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रात भरलीत, पंचपल्लव देवक कितीतरी कुळांचं आहे आणि दुष्काळात वेगळे झालेले दोन भाऊ तर प्रत्येक भावकीच्या गोष्टीत असतात. म्हणून रंकाळ्याजवळ एका कार्यालयात तिन्ही शाखांचा मेळावा ठरला तेव्हा मी म्हटलं की गोष्टी पुष्कळ झाल्या, या वेळी तपासूया.

टेस्ट काय करते ते थोडक्यात. वाय क्रोमोसोम फक्त बापाकडनं मुलाकडं जातो, आपल्याकडं आडनाव जातं तसाच. त्यावर काही जागा अशा असतात की तिथं डीएनएचा एक छोटा तुकडा परत परत येतो, कुणात १३ वेळा, कुणात १४ वेळा. अशा ३७ जागांचे आकडे काढले आणि दोन पुरुषांचे शेजारी ठेवले की कळतं मूळ पुरुष जवळचा एक आहे का नाही. काही पिढ्यांनी एखादा आकडा एकानं वाढतो किंवा कमी होतो, म्हणून ३७ पैकी ३६ जुळले तरी ती एकच भावकी धरतात आणि दहा-बारा ठिकाणी फरक आला तर आडनाव कितीही एक असू दे, काही शतकांच्या आतला बाप एक नाही. या जागांना मार्कर म्हणतात. जास्त मार्करची १११ वाली टेस्ट पण असते, महाग पडते. ३७ वाल्याचा एक किट आम्हाला कुरिअर धरून पंधरा हजाराच्या आसपास पडला, तिन्ही शाखांनी वर्गणी काढली.

आणि हो, बायकांमध्ये वाय नसतो. मी सगळी वंशावळ जमवली, पण नमुना दादाचाच द्यावा लागला. माहेरचं मूळ शोधायचं असेल तर भाऊ, वडील, चुलता किंवा चुलतभाऊ, कुणीतरी तयार करायला लागतोच. आईच्या आईच्या आईकडं जायचं असेल तर मायटोकाँड्रियल टेस्ट वेगळी असते, तो डीएनए आईकडनं लेकरांना मिळतो आणि पुढं फक्त लेकींकडनं जातो. मला ती पण करायचीय कारण आज्जीच्या माहेरचं कुणाला काहीच सांगता येत नाही.

नमुना द्यायचा म्हणजे रक्त नाही, गालाच्या आतनं स्वॅब फिरवायचा आणि बाटलीत टाकून बंद करायचा. त्याआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. आता मेळावा कोल्हापुरात, आत तांबडा-पांढरा उकळतोय, वासानं माणसं कासावीस आणि मी दारात उभी राहून ठरलेल्या माणसांना सांगतेय की आधी चूळ भरा, तंबाखू थुका, मग तासभर थांबा आणि मग जेवा. चिकोडीचे एक आबा, ऐंशीच्या पुढचे, एवढे हौसेनं बसले होते की स्वॅब तोंडात धरूनच भुदरगडच्या आण्णांना हातवारे करून काहीतरी विचारत होते आणि आण्णा मान डोलवत होते. दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. तिथं बसलेल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं की कानाची ठेवण एक आहे. कानावरनं काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण मी सुद्धा वाकून बघितले.

कुणाचा नमुना घ्यायचा हे फार महत्त्वाचं आहे आणि हे कंपनी नीट सांगत नाही, आपणच ठरवायचं. एका शाखेतनं एकच माणूस घेतला आणि जुळलं नाही तर गडबड कुठल्या पिढीत झाली काही कळत नाही. म्हणून प्रत्येक शाखेतनं दोन घ्या आणि ते सख्खे किंवा चुलतभाऊ नकोत, कागदावर जितके लांबचे मिळतील तितके लांबचे. ते दोघं जुळले की त्यांच्या वरच्या सगळ्या पिढ्या एकदम पक्क्या होतात. त्यासाठी कागद आधी पाहिजे, म्हणून मी तो क्रम एवढा धरून बसलेय.

आता तक्रारी. कबूल केलेल्या तारखेच्या कितीतरी नंतर रिपोर्ट आला, मधे एक नमुना नीट निघाला नाही म्हणून परत मागितला आणि आमच्या ईमेलला जी उत्तरं येत होती ती सगळी छापील साच्याची. दुसरं म्हणजे मॅच लिस्ट, म्हणजे ज्यांचे आकडे आपल्याशी जुळतात त्यांची यादी. यांच्याकडं नमुने दिलेली माणसं बहुतेक अमेरिका-युरोपातली, आपल्याकडची फार कमी, त्यामुळं नुसतं स्वतःचं किट देऊन आपोआप हरवलेले भाऊबंद सापडतील अशी आशा धरून बसू नका. तिकडं एकेका आडनावाचे प्रोजेक्ट वर्षानुवर्षं चालू आहेत, आपल्याला दोन्ही बाजूची माणसं आपणच आणायला लागतात.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हॅप्लोग्रुप, म्हणजे बापाकडच्या फार जुन्या वंशाचा गट येतो आणि सगळे त्यालाच चिकटतात. आमच्या ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं, आपण मूळचे कुठले, अमक्या देशातनं आलो का. अहो हॅप्लोग्रुप हजारो वर्षांपूर्वीचा असतो, तेव्हा आडनावं नव्हती, जाती नव्हत्या, मराठी भाषा सुद्धा नव्हती. आर वन ए, एच, एल, जे टू हे सगळे महाराष्ट्रात सगळ्या जातीत सापडतात. त्यावरनं शहाण्णव कुळी का नाही, वरचं का खालचं, असलं काही ठरत नाही आणि कुणी ठरवायला लागला तर त्याला तिथंच थांबवा. जातीचा दाखला या टेस्टवर मिळत नाही आणि सातबाऱ्यावर नाव पण लागत नाही, हे पण सांगून ठेवते कारण विचारणारे होते.

निकाल काय आला? पन्हाळा आणि चिकोडी, ३७ पैकी ३६! एकच फरक आणि तो पण सीडीवाय नावाच्या मार्करवर, जो मुळातच पटापट बदलणारा म्हणून ओळखला जातो. म्हणजे दोन भावांची गोष्ट अगदी शब्दाला शब्द खरी असेल नसेल, पण मूळ पुरुष एक. चिकोडीच्या आबांना फोन केला तेव्हा ते पलीकडनं बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग घरात कुणाला तरी कानडीत ओरडून सांगितलं.

भुदरगडचे दोघं एकमेकांशी छान जुळले पण आमच्याशी अजिबात नाही. इथं फार जपून वागायला लागतं. नमुने घ्यायच्या आधीच आम्ही ठरवलं होतं की निकाल आधी त्या शाखेच्या वडीलधाऱ्याला, एकट्याला, समोर बसून सांगायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. तसंच केलं. आण्णा गप्प ऐकत होते आणि कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली त्यांची आत्ती म्हणाली, "त्यात काय एवढं? आमच्या थोरल्या आज्ज्याला पोटी पोर न्हवतं. बहिणीचा ल्योक मांडीवर घेतला. मला माझ्या आज्जीनं सांगितलंय, कुणी इचारलं न्हाई म्हणून मी बोलले न्हाई." बहिणीचा मुलगा म्हणजे वाय त्याच्या वडिलांच्या घराण्याचा आणि आडनाव आमचं. प्रयोगशाळेला जे फक्त 'जुळत नाही' एवढंच सांगता आलं, त्याचं कारण आत्तीला लहानपणापासून माहीत होतं.

आणि दत्तक आला म्हणजे कमी झाला असं निदान कोल्हापूरकरानं तरी कधी म्हणू नये. १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव या गादीला दत्तक आले आणि आपले शाहू महाराज झाले. वसतिगृहं, १९०२ चं ५० टक्के आरक्षण, राधानगरीचं धरण, हे सगळं दत्तक आलेल्या राजानं केलं. आण्णांना मी हेच म्हटलं. त्यांनी सांगितलं, वंशावळीच्या पुस्तकात लिहा, दत्तक म्हणून स्पष्ट लिहा आणि ज्या घरातनं आले त्या घराचं पण नाव घाला.

काही कंपन्या ऑटोसोमल टेस्ट पण विकतात, पुरुष-बायका दोघांना चालणारी, सगळ्या नात्यांची. सख्ख्या चुलत-मामे भावंडात साधारण साडेबारा टक्के डीएनए समान असतो, पुढच्या पिढीच्या भावंडात तीन टक्क्यांच्या आसपास, असं उतरत जातं आणि पाचव्या-सहाव्या पिढीला काहीच शिल्लक न सापडणं पण शक्य असतं. आपल्याकडं एक जास्तीची अडचण आहे. मामाच्या मुलीशी लग्नं पिढ्यानपिढ्या झालेली, त्यामुळं दोन माणसं अनेक बाजूंनी नात्यात लागतात आणि कंपनीचा अंदाज नातं आहे त्यापेक्षा जवळचं दाखवतो. वायला ही भानगड नाही. म्हणून आडनावाच्या प्रश्नाला वायच घ्या.

हेळव्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. आमचे हेळवी बेळगाव जिल्ह्यातनं येतात, पूर्वी बैलावर बसून घंटा वाजवत यायचे, आता गाडीवर येतात. सुगीनंतर दारात आले की वही उघडून घराण्याची नावं एका दमात म्हणतात, कोण कुणाचा, कुठनं कुठं गेला, आणि नवीन झालेली पोरं लिहून घेतात. त्यांना धान्य, कापड आणि यथाशक्ती दक्षिणा. चिकोडीची शाखा त्यांच्या वहीत होती! आमच्या घरात सगळ्यांनी ते ऐकलं होतं, पण पुरावा म्हणून कुणी धरलं नव्हतं. ज्यांच्याकडं अजून हेळवी येतात त्यांनी पुढच्या वेळी मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, त्यांची परवानगी घेऊन आणि वरचे पैसे देऊन, कारण त्यांची पुढची पिढी हे काम करेलच असं नाही.

कागदांचं म्हणाल तर वारस नोंदीचे जुने फेरफार, कोतवाल बुक, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद, हे सोनं आहे. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हापासून लोकांना ही नावं तोंडपाठ झालीत आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आलीय. त्याहून जुने कागद बघायचे तर इथं कोल्हापुरातच पुरालेखागार आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडं पण बघा, पणजोबा यात्रेला गेले असतील तर गाव, भाऊ, मुलं सगळ्यांची नावं त्यांच्या वहीत मिळतात.

एक धोका मात्र डोळ्यांआड करू नका. डीएनए म्हणजे पासवर्ड नाही की चोरीला गेला तर बदलून टाकला. ट्वेंटीथ्री अँड मी ही केवढी मोठी कंपनी, २०२३ ला तिच्याकडची जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ ला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला, मग लाखो लोकांच्या डीएनएचं काय होणार हा प्रश्न आला. तुमचा नमुना म्हणजे तुमच्या पोराबाळांचा आणि भावांचा पण थोडा नमुना. आम्ही प्रत्येकाची लेखी संमती घेतली, टोपणनावानं किट नोंदवले, संशोधनासाठी वापराचा पर्याय बंद ठेवला आणि रिपोर्ट उतरवून घेतल्यावर नमुने नष्ट करायची विनंती पाठवली.

मेळाव्यात वाटलेल्या वंशावळीच्या पुस्तकात फक्त पुरुषांची नावं होती, त्यावर मी भांडले आहे आणि भांडणार आहे. लेकी कुठं दिल्या, सुना कुठल्या गावच्या, हे लिहिलं असतं तर भुदरगडचं दत्तक प्रकरण आम्हाला आधीच कळलं असतं, कारण मूल बहिणीच्या घरातनं आलं होतं आणि त्या बहिणीचं नावच कुठं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत लेकी-सुना घालायचं कबूल झालंय, तिन्ही शाखांच्या बायकांना मी फॉर्म पाठवलेत.

आता १११ वाली टेस्ट करूया असं पोरांचं चाललंय. मी सध्या नको म्हटलंय. करवीर तालुक्यातल्या दोन गावात आणखी जाधव-पाटील आहेत, हेळव्याच्या वहीत त्यांचं नाव आहे, ते पैसे त्यांच्या ३७ च्या किटला वापरलेले बरे.