आठ महिने वापरलं, अंतर पक्कं पण वेळ मात्र रामभरोसे

दोन शहरांमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ सांगणारं ॲप, पेड व्हर्जन. ऑफिसात लोकांचे प्रवास लावायचं काम माझ्याकडे आहे म्हणून घेतलं. पहिल्या महिन्यात मी याला पाच स्टार दिले होते, ते आज खाली आणतेय.

झालं असं की आमचे साहेब लंडनहून न्यूयॉर्कला निघाले, ॲपने दाखवलं ६ तास ४१ मिनिटं, मी त्यावर थोडी मोकळीक ठेवून क्लायंटचा कॉल लावला. विमानाला लागले सव्वाआठ तास! क्लायंट कॉलवर बसलाय आणि साहेब अजून हवेतच. तिकिटावर पोचायची वेळ छापलेली असते हे मान्य, पण पैसे भरलेत तर माणूस ॲपच बघणार ना.

मग उलटं टाकून पाहिलं, न्यूयॉर्क ते लंडन. तेच ६ तास ४१ मिनिटं. मिनिटाचाही फरक नाही! अहो, अटलांटिकवर जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा जोरदार वारा) पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, न्यूयॉर्कहून येताना वारा पाठीशी आणि जाताना तोंडावर, एवढं तर विमानात चार वेळा बसलेल्यालाही कळतं. फेब्रुवारी २०२० मध्ये एक विमान याच वाऱ्यावर ५ तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. चार-पाच जोड्या टाकून हिशोब काढला तर यांची सगळी विद्या एवढीच निघाली: अंतर भागिले ९००, अधिक अर्धा तास. ५,५७० किमीला करून बघा, बरोब्बर तोच आकडा येतो. यासाठी पैसे?

सपोर्टला मेल केला. उत्तर आलं, 'दाखवलेला वेळ अंदाजे आहे.' दुसरा मेल केला, तेच उत्तर. तिसऱ्याला पण तेच, फक्त खाली धन्यवाद जास्तीचं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्याच मेलमध्ये मी मॅपवरच्या वाकड्या रेषेचीही तक्रार केली होती, की सरळ जायचं सोडून ही उत्तरेला का फुगते. ती चूक माझी. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला तर दोरा तसाच जातो, सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो एवढंच. अंतराच्या बाबतीत ॲप चोख आहे, शहर ते शहर घ्या नाहीतर विमानतळ ते विमानतळ, दोन्ही मिळतं, आणि किलोमीटरचं नॉटिकल मैल एका टॅपमध्ये होतं (एक म्हणजे १.८५२ किमी, मला कधी पाठ होत नाही). म्हणून एक स्टार परत वाढवतेय.

पण वेळेचं काय? हेलसिंकी ते टोकियो टाका, सव्वानऊ तासांच्या आसपास सांगतं. २०२२ पासून युरोपातल्या बहुतेक विमान कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, वळसा घालून जवळपास तेरा तास लागतात. गोलावरची रेषा बरोबर आहे हो, पण त्या रेषेवरून विमान जातंच नाही. शिवाय रनवेपर्यंत सरपटत जाणं, उतरल्यावर गेट मोकळं व्हायची वाट बघणं, हे सगळं म्हणे त्या अर्ध्या तासातच बसवायचं.

आता अंतरापुरतं फ्री व्हर्जन ठेवणार आणि वेळ एअरलाइनच्या टाइमटेबलवरून घेणार, ते फुकट असतं. पेड बंद करायला घेतलंय, पण कॅन्सलचं बटण कुठे लपवलंय ते अजून सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, रिन्यूअलला सातच दिवस उरलेत.