एनएफएस की एसएसएचएफएस?
लिनक्स सर्व्हरवरील फोल्डर अन्य लिनक्स यंत्रांना कसे जोडावे, हा पेच एका सहकाऱ्यापुढे आहे. पर्याय दोन: एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टम) आणि एसएसएचएफएस, म्हणजे एसएसएच या सुरक्षित दूरस्थ जोडणीवरून फोल्डर जोडणारे साधन.

मांडणीला एसएसएचएफएस सोपे, कारण सर्व्हरवर एसएसएच चालू असले की बहुधा तेवढे पुरते; एनएफएससाठी एक्सपोर्ट्स फाइल (कोणते फोल्डर कोणाला द्यायचे याची यादी) लिहावी लागते, चौथ्या आवृत्तीत निदान २०४९ हे एकच पोर्ट उघडले की भागते. वेगात एनएफएस सरस, कारण ते कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात चालते.

खरी मेख सुरक्षिततेत आहे. कर्बेरोस या ओळख-पडताळणी प्रणालीशिवाय एनएफएस हे क्लायंटने (जोडणाऱ्या यंत्राने) सांगितलेल्या यूआयडीवर, म्हणजे वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवते, त्यामुळे क्लायंटवर रूट (सर्वोच्च) अधिकार असलेली व्यक्ती इतर कोणाच्याही नावाने फाइली उघडू शकते. सर्व्हरवर क्लायंटच्या रूटचे अधिकार काढून घेणाऱ्या रूट-स्क्वॉश या सेटिंगनेही हे थांबत नाही. एसएसएचएफएस मात्र सगळी वाहतूक कूटबद्ध करते.

विश्वासार्ह अंतर्गत जाळ्यात, अनेक यंत्रांसाठी एनएफएस घ्यावे. इंटरनेटवरून एकट्याने अधूनमधून काम करायचे असल्यास एसएसएचएफएस.